संदर्भ तक्ते : संगणकीय नोंदींचा पाया

शासनाचे व स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम नोंदींवर चालते. जन्ममृत्यूची नोंद, शाळेचा पट, घरपट्टीची मागणी, पीकपाहणी, निवृत्तिवेतनधारकांची यादी या सर्व नोंदी आता बव्हंशी संगणकात ठेवल्या जातात. नोंद संगणकात गेली म्हणजे ती आपोआप शुद्ध झाली, असा मात्र अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. कागदी नोंदवहीतील विसंगती वाचणाऱ्याच्या ध्यानी येते व तो ती मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. संगणकाला ही सोय नाही. म्हणून नोंदी ठेवण्यापूर्वी त्यांचा पाया नीट घालावा लागतो, आणि त्या पायाचे नाव संदर्भ तक्ता असे आहे.

नाव ही ओळख नव्हे

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव कोणी 'कराड' असे लिहितो, तर कोणी 'कऱ्हाड' असे लिहितो. दोन्ही रूपे रूढ आहेत व वाचणाऱ्यास काहीच अडचण पडत नाही. संगणक मात्र हे दोन निराळे तालुके समजतो. इतकेच नव्हे, तर 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविले जाऊ शकते : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, व दुसरे साध्या 'र'ला नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात. परंतु त्यांचे एकरूपीकरण करण्याची तजवीज आज्ञावलीत केलेली नसेल, तर तुलना करताना ती भिन्न ठरतात.

याच्या उलट प्रकारही आहे. खेड नावाचा तालुका पुणे जिल्ह्यात आहे व रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, तसेच वाशिम जिल्ह्यातही आहे. कळंब यवतमाळ व धाराशिव अशा दोन्ही जिल्ह्यांत आहे. म्हणजे एका स्थळाची नावे दोन आणि एका नावाची स्थळेही दोन! अशा स्थितीत केवळ नावावरून ओळख पटविणे धोक्याचे असते.

हा धोका केवळ आकडेवारीपुरता नाही. एखाद्या योजनेसाठी दोन याद्या पडताळून पाहिल्या जातात. एका यादीत विद्यार्थिनीचा तालुका 'कराड' व दुसरीत 'कऱ्हाड' असा असला आणि पडताळणी नावावर ठेवलेली असली, तर तिची नोंद जुळत नाही व तिचे नाव यादीतून गळते. तिचा अर्ज कोणी नामंजूर केलेला नसतो. त्यामुळे नामंजुरीचे कारणही कोठे लिहिलेले नसते. दाद कोणाकडे मागावी, हेही तिच्या पालकांना कळत नाही. नोंदींच्या रचनेतील दोष असा मुकाट्याने नागरिकाच्या हक्काआड येतो.

संदर्भ तक्ता म्हणजे काय?

आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीच्या मोठ्या साठ्यांची रचना कशी असावी, याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी असलेला संबंध दोहोंत समान असलेल्या मूल्यावरून ओळखावा, ही त्यातील मूळ कल्पना होती. जगातील बहुतेक कार्यालयीन माहितीसाठे आज याच संबंधाधिष्ठित पद्धतीने रचलेले असतात.

या पद्धतीत तालुक्यांचा एक स्वतंत्र तक्ता करतात. त्यातील प्रत्येक ओळीत एका तालुक्याचा संकेतांक, त्याचे मराठी नाव, इंग्रजी नाव व तो कोणत्या जिल्ह्यात मोडतो त्या जिल्ह्याचा संकेतांक एवढेच असते. शाळांच्या तक्त्यात तालुक्याचे नाव लिहावयाचे नसते. तेथे फक्त तालुक्याचा संकेतांक येतो. नाव हवे असेल तेव्हा संगणक संकेतांकावरून ते संदर्भ तक्त्यातून काढून देतो. जे एकदाच लिहावयाचे ते एकाच ठिकाणी लिहिल्यामुळे दुरुस्तीही एकाच ठिकाणी करावी लागते.

संदर्भ तक्त्यातील संकेतांकाला संगणकाच्या परिभाषेत प्रायमरी की म्हणतात. दोन ओळींना एकच संकेतांक मिळू शकत नाही. शाळांच्या तक्त्यात आलेल्या त्याच संकेतांकाला फॉरेन की म्हणतात. हा संबंध एकदा घोषित केला, की संदर्भ तक्त्यात नसलेला संकेतांक संगणक शाळांच्या तक्त्यात स्वीकारतच नाही. नोंद करणारा कितीही घाईत असला तरी अस्तित्वात नसलेला तालुका नोंदींत शिरू शकत नाही. दक्ष कारकुनाचे काम येथे रचनाच करते.

संकेतांक कसा असावा?

संकेतांकाची कल्पना आपणास नवी नाही. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड सुरू केला. संस्कृतचे पंडित व टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक होत. सारख्या नावांची गावे व पत्त्यांतील निरनिराळ्या भाषा यांतून होणारा घोटाळा टाळणे, हा त्याचा हेतू होता. पिनचा पहिला अंक विभाग दाखवितो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवितात. अर्थात हा संकेतांक टपालाच्या वाटपासाठी आहे. त्यावरून तालुका किंवा ग्रामपंचायत ठरविणे योग्य नव्हे. ज्या कामासाठी जो संकेतांक निर्माण झाला, त्याच कामासाठी तो वापरावा.

शिक्षकांच्या परिचयाचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी आहे. त्यात राज्य, जिल्हा, गट, गाव व शाळा असे क्रमाने अंक येतात. प्रारंभीचे २७ हे महाराष्ट्राचे. असा अर्थपूर्ण संकेतांक वाचावयास सोयीचा असतो. परंतु त्यात एक अडचण दडलेली असते. गाव एका गटातून दुसऱ्या गटात गेले, तर क्रमांक एक सांगतो व वस्तुस्थिती दुसरे सांगते. क्रमांक बदलावा तर जुन्या नोंदींशी असलेला दुवा तुटतो. न बदलावा तर तो खोटे बोलतो.

नावावरून पाडलेल्या संकेताक्षरांची गत याहून अवघड होते. ओरिसाचे ओडिशा असे नामांतर २०११ साली झाले, त्यानंतर तेथील वाहनांची 'ओआर' ही अक्षरे बदलून 'ओडी' करावी लागली. उत्तरांचलचे उत्तराखंड झाले तेव्हा 'यूए'ऐवजी 'यूके' आले. जनगणनेतील या दोन राज्यांचे २१ व ०५ हे क्रमांक मात्र त्यामुळे बदलले नाहीत, कारण ते नावाच्या अक्षरांशी बांधलेले नव्हते. यावरून घ्यावयाचा बोध असा, की तक्त्यांना जोडणारा संकेतांक मुका असावा. त्याने फक्त ओळख द्यावी. जिल्हा, गट, प्रकार इत्यादी माहितीसाठी तक्त्यात वेगळे रकाने ठेवावेत.

येथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. उत्तराखंडचा ०५ हा संकेतांक संख्या म्हणून साठविला, तर आरंभीचे शून्य गळून नुसते ५ उरते व जुळणी चुकते. संकेतांकाची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते; म्हणून आरंभी शून्य येऊ शकणारे संकेतांक मजकूर म्हणूनच साठवावेत.

एकच मोठा तक्ता की अनेक लहान?

जिल्हे, शाळांचे प्रकार, शिक्षणाची माध्यमे, रजेचे प्रकार या सर्वांसाठी निरनिराळे तक्ते कशाला, सर्व एकाच मोठ्या तक्त्यात घालून 'वर्ग' असा एक रकाना जोडला म्हणजे झाले, असा मोह पुष्कळांना होतो. दिसावयास ही काटकसर वाटते. परंतु मग शाळेच्या 'जिल्हा' या रकान्यात 'अर्जित रजा' हा संकेतांक आला, तरी संगणक तो स्वीकारतो. कारण तो संकेतांक तक्त्यात आहे एवढेच त्याला दिसते. शिवाय तालुक्याला जिल्हा असतो, रजेला कमाल दिवस असतात. हे भिन्न रकाने एका तक्त्यात कोंबले, की बहुतेक ओळींत ते रिकामेच राहतात. याकरिता प्रत्येक विषयाचा तक्ता वेगळा ठेवावा. लहान तक्ते पुष्कळ झाले म्हणून संगणकावर भार पडत नाही.

नामांतर आणि विभाजन

संदर्भ तक्त्याची खरी कसोटी बदलाच्या वेळी लागते. नामांतर व विभाजन हे बदल वरवर सारखे भासले तरी मुळात भिन्न आहेत. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. येथे प्रदेश तोच राहिला, नाव तेवढे बदलले. म्हणून संकेतांक तोच ठेवून नाव बदलावे आणि जुने नाव कोणत्या दिनांकापर्यंत होते, ते वेगळ्या तक्त्यात जपून ठेवावे. जुन्या दस्तऐवजाची प्रत काढताना त्यावर त्या काळचेच नाव यावे लागते.

विभाजनाचे तसे नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातील पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक नोंदली गेली आहे. तीत पुढे पालघरमध्ये गेलेले सुमारे ३० लाख लोक समाविष्ट आहेत. हे ध्यानात न घेता तो आकडा आजच्या ठाणे जिल्ह्याच्या आकड्याशी ताडून पाहणारा चुकीच्या निष्कर्षावर येईल. यासाठी कोणता तालुका कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत कोणत्या जिल्ह्यात होता, याचा जोडतक्ता ठेवणे इष्ट होय.

विभाजनानंतर उरलेल्या भागाला जुनाच संकेतांक ठेवावा की नवा द्यावा, हाही विचाराचा प्रश्न आहे. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले. वस्तू व सेवा कराच्या राज्यसूचीत तेलंगणाला ३६ हा संकेतांक आहे, आणि उरलेल्या आंध्र प्रदेशालाही ३७ हा नवा संकेतांक आहे. २८ हा विभाजनापूर्वीच्या आंध्र प्रदेशाचा म्हणून वेगळा राहिला. त्यामुळे जुने व नवे आंध्र प्रदेश यांची गल्लत होत नाही.

कोणतीही ओळ तक्त्यातून खोडू नये, हा नियम यातूनच निघतो. जो संकेतांक वापरातून गेला, त्याच्यापुढे बंद झाल्याचा दिनांक लिहावा. तो नव्या नोंदींसाठी दाखवू नये. परंतु जुन्या नोंदींच्या वाचनासाठी राहू द्यावा. बंद झालेला क्रमांक दुसऱ्या कोणास पुन्हा कधीही देऊ नये.

'इतर' आणि 'माहिती नाही'

संदर्भ तक्त्याच्या शेवटी बहुधा 'इतर' अशी एक ओळ असते. ती जपून वापरावी. यादीत न बसणारी वस्तू, अद्याप न मिळालेली माहिती व त्या व्यक्तीस लागूच नसलेला प्रश्न, या तीन भिन्न गोष्टी आहेत. तिन्ही 'इतर'मध्ये टाकल्या, तर पुढे त्या वेगळ्या करता येत नाहीत. एखाद्या घराची पाणीपुरवठ्याची व्यवस्था 'माहिती नाही' असेल, तर तेथे पुन्हा जाऊन विचारता येते. तीच 'इतर' म्हणून नोंदली, की ते काम पुरे झाल्यासारखे दिसते व ते घर पाहणीतून सुटते. 'इतर'खाली नोंदी फार साचू लागल्या, तर यादी अपुरी आहे, हे ओळखून नवीन ओळ वाढवावी.

जबाबदारी कोणाची?

तक्ता कितीही चांगला असला तरी प्रत्येक कार्यालयाने आपापला वेगळा केला, तर मूळ अडचण कायमच राहते. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हे, तालुके, गावे व ग्रामपंचायती यांना संकेतांक दिलेले आहेत. असे अधिकृत संकेतांक उपलब्ध असता नवे पाडू नयेत. जेथे स्वतंत्र सूची करणे अटळ असेल, तेथे ओळ कोणी वाढवावयाची व कोणत्या आदेशान्वये, हे निश्चित करून प्रत्येक बदलापुढे त्या आदेशाचा क्रमांक व दिनांक नोंदवावा.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनी संगणकाची आज्ञावली लिहावी, अशी अपेक्षा नाही. परंतु आपल्या शाळेचा अथवा ग्रामपंचायतीचा संकेतांक सर्व याद्यांत एकच आहे काय, बंद झालेल्या वाडीच्या अथवा शाळेच्या नावावर नव्या नोंदी पडतात काय, 'इतर'खाली किती कुटुंबे आहेत, हे तीन प्रश्न त्यांनी वर्षातून एकदा अवश्य विचारावेत. ग्रामसभेपुढे लाभार्थ्यांची यादी येते, तेव्हा यादीत कोण आहे, हे सर्वजण पाहतात. कोण गळले आणि कशामुळे गळले, हे पाहण्याची सवय लागली, तर पुष्कळ अन्याय वेळीच टळतील.