शेडमध्ये हेंप लावायचं म्हणताय?

शेडमध्ये हेंप लावून देतो म्हणणाऱ्या कन्सल्टंटला दिलेले इसाराचे पैसे गेले ते गेले. पण ‘घाबरट माणूस, दारात आलेला धंदा घालवला’ असं तो कन्सल्टंट कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सांगत फिरतोय, म्हणून हे लिहितोय. मी धंदा घालवला नाही. स्वतःला आणि भावाला जेलपासून वाचवलं.

त्याची मांडणी पक्की होती. शेड बंदिस्त, थ्री-फेज लाइन आहे, पाणी आहे. आत एलईडी दिवे, एसी आणि रॅक बसवायचे, रोपं तो देणार, माल तोच उचलणार. “साहेब, हा गांजा नव्हे, औषधी हेंप आहे. नशेचा अंश 0.3 टक्क्याच्या आत. सरकारची परवानगी आहे.” सोबत जाड फाईल. त्यातले दोन कागद खरे होते आणि माणूस फसतो तो तिथंच. पहिला उत्तराखंडचा. तिथं 2018 मध्ये औद्योगिक हेंपच्या लागवडीला परवाना दिला गेला, आणि 0.3 टक्क्याची अट त्याच राज्याच्या धोरणातली. दुसरा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नोव्हेंबर 2021 चा. हेंपचं बी, बियांचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून विकता येतं, एवढंच त्यात आहे. लागवडीबद्दल त्यात काही नाही.

आमच्या वकिलांनी फाईल बाजूला सारली आणि 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा पुढ्यात ठेवला. कलम 2 मध्ये कॅनाबिसचं झाड म्हणजे त्या वंशातलं कोणतंही झाड. टक्केवारीचा तिथं उल्लेखच नाही. कलम 8 नं लागवडीला बंदी. कलम 20 खाली 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. कलम 25 मध्ये जागेचा मालक येतो. जाणूनबुजून जागा वापरू दिली तर त्यालाही गुन्ह्याची तीच शिक्षा. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटावं, तर कलम 35 आडवं येतं. कोर्ट तुमचा हेतू गृहीत धरतं, तो नव्हता हे तुम्ही सिद्ध करायचं. आपल्याकडं उसात लावलेला गांजा पकडल्याच्या बातम्या येतात ना, कायदा त्यांना जो तोच शेडला.

मग वकिलांनी करारनाम्याचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: सर्व परवाने आणि कायदेशीर जबाबदारी जागामालकाची. नफ्याचा हिशेब पहिल्या पानावर ठळक, आणि माझी मान शेवटच्या पानावर. मी तिथंच बसून कन्सल्टंटला फोन लावला. म्हणाला, “दादा, परवाना मागाहून निघतो. आधी रोपं लावू, सगळे असंच करतात.” सगळे म्हणजे कोण, एक नाव सांग, म्हटलं तर फोन कट. इसार मागितल्यावर नंबर ब्लॉक.

नवख्यांनो, दिवे कुठले आणि कुंड्या केवढ्या हे विचारण्याआधी एवढं बघा. औद्योगिक हेंपच्या लागवडीची परवानगी कलम 14 खाली सरकारच्या आदेशानंच मिळते. दुसऱ्या राज्याचा कागद इथं चालत नाही. ऑनलाइन बी मिळालं म्हणून झाड कायदेशीर होत नाही. एमआयडीसीचा प्लॉट लीजवर असतो, पोटभाड्यानं द्यायला किंवा वापर बदलायला महामंडळाची परवानगी लागते. कुणाला नुसती शेड भाड्यानं देणार असाल तरी खिडक्या आतून झाकणारा, लाईट बिल रोखीनं देतो म्हणणारा आणि तुम्हाला आत येऊ न देणारा भाडेकरू नको. इसार चेकनं द्या, पावती घ्या, करार वकिलाला दाखवा. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण घाईत कोण करतं? माल परत घेण्याच्या हमीवर तर विश्वास ठेवूच नका. 2019 मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात याच हमीवर सांगली-कोल्हापूरचे शेतकरी बुडाले.

बंद जागेत पीकच घ्यायचं असेल तर धिंगरी अळिंबी घ्या. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात जाऊन विचारा.

त्या माणसानं परवा हुपरी रस्त्याकडच्या एका बंद शेडचं माप घेतलं म्हणे. शेडवाल्या भावानं आधी त्याच्याकडून कलम 14 खालचा, महाराष्ट्र सरकारचा, स्वतःच्या नावचा आदेश मागावा. त्यानंतर तो परत येतो का बघावं.