हजेरीचे ठिकाण

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चिरंजीव बाळास,

तुझे पत्र पावले. रात्ररात्र झोप लागत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे आणि सर्व तपासण्या निर्दोष येऊनही अंगातील थकवा हटत नाही, हा मजकूर वाचून काळजी वाटली. परंतु त्याच पत्रात, आजाराशी जणू काही संबंधच नाही अशा सहजतेने, शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर सोमवार उजाडेपर्यंत कोणाशी चार शब्द बोलण्याचा प्रसंग येत नाही, असे जे एक वाक्य तू लिहिले आहेस, ते मला त्या साऱ्या अहवालांहून अधिक महत्त्वाचे वाटले. डॉक्टरांनी दिलेले औषध वेळेवर घे, त्यात हयगय नको. मी लिहितो आहे ते त्या औषधाच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला म्हणून.

तू शास्त्र शिकलेला आहेस, तेव्हा मामाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेव, असे म्हणत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील अलामेडा परगण्यातल्या सुमारे सात हजार प्रौढ माणसांच्या आयुष्याचा नऊ वर्षांचा हिशेब बर्कमन आणि साइम या दोघा संशोधकांनी 1979 साली प्रसिद्ध केला. विवाह, आप्तमित्र, प्रार्थनामंदिर, मंडळे असे ज्यांचे संबंध तुटपुंजे होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले, आणि धूम्रपान, मद्यपान, व्यायाम इत्यादी गोष्टी जमेस धरूनही हा फरक पुसला गेला नाही. पुढे 1997 साली शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 276 निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून पाहिले. तेव्हा ज्यांचे संबंध नानाविध होते, म्हणजे जे कोणाचे शेजारी, कोणाचे सहकारी, कोणाचे खेळगडी आणि कोणाचे भाऊ होते, त्यांना सर्दी कमी झाली. ओळखीच्या माणसांची संख्या मोठी असणे निराळे आणि नात्यांचे प्रकार अनेक असणे निराळे, हे त्यावरून नीट ध्यानात घे. एकाकी माणसाचे शरीर सदैव पहाऱ्यावर उभे राहते. ताणाची संप्रेरके उतरत नाहीत, झोप उथळ होते, रक्तदाब चढता राहतो, आणि हा पहारा वर्षानुवर्षे चालला की त्याचा खर्च हृदयावर पडतो.

आता मूळ सांगायचे ते सांगतो. प्रेम करणारी माणसे तुला आहेत. तुझी आई रोज फोन करते, मी पत्र लिहितो. परंतु आरोग्याला प्रेमाइतकीच गरज असते ती अशा एखाद्या ठिकाणाची, जिथे आपली हजेरी कोणीतरी मनात घेतो आणि आपण न दिसलो तर त्याच दिवशी विचारपूस होते. आपल्या कोल्हापुरात ही सोय तालमींनी केली. तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा अशी बाहेरगावच्या लोकांची समजूत असते. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पहाटे जाऊन पाहा: तेल, हळद, ताक घालून मळलेल्या त्या तांबड्या मातीत पोरे उतरतात, एकमेकांच्या खांद्याला खांदा देतात, एकमेकांचे अंग रगडतात, खुराकासाठी बदाम वाटतात, आणि एखादा पोरगा आला नाही तर वस्ताद जोर मोजता मोजता दुसऱ्याला विचारतो, ‘तो का आला नाही रे?’ त्या पोराला ताप आला असेल तर दुपारपर्यंत कोणीतरी त्याच्या दारात उभा असतो. पेठेत तर तालीम हीच पंचायत आणि तेच घराबाहेरचे घर: लग्न, मयत, गणपती, फुटबॉलचा संघ, सारे तिच्याच ओट्यावर ठरते. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल ही नावे मैदानावर दुमदुमतात ती तालमींचीच.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा तालमी-मंडळांच्या पोरांनी माणसे बाहेर काढली आणि जेवणे रांधली, हे तू वर्तमानपत्रात वाचलेच असशील. मला मात्र त्यातली एक बारीक गोष्ट आठवते. आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत. रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर जात. तिथे गवळी म्हशीखाली बसून थेट ग्लासात धार काढतो, फेसासकट कोमट दूध हाती येते, आणि ते पिईपर्यंत उभ्या उभ्या चार माणसांची बोलणी होतात. एवढाच त्यांचा जगाशी व्यवहार. पाणी चढू लागले त्या रात्री ‘आज आजोबा कट्ट्यावर दिसले नाहीत’ हे ज्या पोराच्या ध्यानात आले, त्याला त्यांचे पूर्ण नावही ठाऊक नव्हते. पण घर ठाऊक होते.

तथापि जुन्या संबंधांचे गोडवे गाताना एक सत्य झाकून ठेवणे मला मान्य नाही. ज्या ओट्यांवर माणसे जमत त्यांपैकी कित्येकांवर सर्वांना बसता येत नव्हते, आणि ज्याला पाण्याला शिवू दिले जात नाही त्याच्या प्रकृतीवर त्या अपमानाचा भार पडत नसेल असे समजणे निव्वळ निर्दयपणाचे आहे. अस्पृश्य गणल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढावयास लावून शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवीत, चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. दरबारी फर्मानाने जे साधले नसते ते एका कपाने साधावे, असा तो विचार होता. 1901 सालापासून त्यांनी या शहरात विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी करविली, त्यामागेही हेच जाणतेपण मला दिसते: खेड्यातून आलेला पोरगा भाकरीवाचून जसा परत जातो तसाच सोबतीवाचूनही परत जातो.

तेव्हा तूही आपल्या वयाच्या, आपल्या धंद्याच्या, आपल्यासारखेच बोलणाऱ्या माणसांपुरता राहू नकोस. आणि प्रत्येक संबंध हितकारकच असतो असेही नाही. जिथे तुझा नित्य पाणउतारा होतो, जिथून परतल्यावर छातीत धडधड राहते, ती संगत नात्यातली असली तरी बेताची ठेव. फोनवरच्या गप्पांना मी कमी लेखत नाही, तुझ्या आईला त्यांचाच आधार आहे. पण तू दोन दिवस दिसला नाहीस हे फोनच्या दुसऱ्या टोकाला कळत नाही.

माझी तजवीज अशी. तुमच्या भागात व्यायामशाळा, भजनी मंडळ, वाचनालय, पहाटे फिरणाऱ्यांचा जथा, जे काही असेल त्यातले एकच निवड; मात्र ठरल्या वारी, ठरल्या वेळी जा, आणि पहिले दोन महिने मन लागो न लागो, खाडा करू नकोस, कारण ओळख गप्पांनी होते त्याहून अधिक वारंवार दिसण्याने होते. तिथे नुसता घेणारा होऊन बसू नकोस, एखादे काम अंगावर घे: किल्ल्या सांभाळणे, सतरंज्या घालणे, वर्गणीचा जमाखर्च लिहिणे. ज्याच्याकडे किल्ली असते त्याची वाट पाहावीच लागते. शेजारच्या बिऱ्हाडाशी बोलण्यास निमित्त लागते म्हणतोस. तुझ्या आईने पाठविलेल्या चटणीच्या दोन बरण्यांपैकी एक तिकडे दे, आणि बरणी परत मागायला विसरू नकोस.

दसऱ्याला घरी येण्याचे जमले तर आधी कळव. झोपेचे कसे आहे ते पुढील पत्री सविस्तर लिही, आणि कोणते मंडळ निवडलेस तेही.

तुझा
मामा