गुणपत्रिकेत आजार दिसतो का?

(आठवीच्या वर्गशिक्षिका आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यातला हा संवाद.)

बाई : डॉक्टर, पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबली. तिच्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे आणि मुलगा सध्या गणितात मागे पडतोय. “कमी बुद्धीच्या मुलांना पुढे हा आजार होतो म्हणतात, खरं का?” असं तिनं विचारलं. मला काही उत्तर देता येईना.

डॉक्टर : तिच्या कानावर आलंय ते अगदीच निराधार नाही, पण त्यातून तिनं काढलेला अर्थ चुकीचा आहे. आधी आधार सांगते. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक मुलांचा माग संशोधकांनी पुढे अनेक दशकं ठेवला. पीटर जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्यातल्या ४,७४६ जणांची माहिती तपासली. तिशी-चाळिशीपर्यंत ३० जणांना स्किझोफ्रेनिया झाला होता. या तीस जणांच्या बालपणीच्या नोंदी काढून पाहिल्या, तर ८, ११ आणि १५ व्या वर्षी घेतलेल्या चाचण्यांत त्यांचे सरासरी गुण इतरांपेक्षा कमी होते. ही मुलं सरासरी महिनाभर उशिरा चालायला लागली होती. चौथ्या वर्षी एकटं खेळणं पसंत करणारीही त्यांच्यात जास्त होती.

बाई : म्हणजे आजाराचा मागमूस नसताना?

डॉक्टर : हो, आणि माझ्या दृष्टीनं या अभ्यासाचं मोल त्यातच आहे. आवाज ऐकू येणं, संशय घेणं ही लक्षणं बहुतेकदा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत उघड होतात. मेंदूच्या वाढीतला फरक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतो. अमेरिकेत डॅनियल वाइनबर्गर यांनी आणि ब्रिटनमध्ये रॉबिन मरे आणि शॉन लुइस यांनी १९८७ मध्ये हा विचार ठामपणे मांडला. त्याआधी काही दशकं मानसोपचारातलीच जाणती माणसं आईच्या वागण्यावर खापर फोडत होती. आपल्याकडे अजूनही ‘लाडावून ठेवलं’, ‘बाहेरचं काहीतरी आहे’, ‘लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर’ हेच ऐकू येतं. किती आया हा दोष मुकाट्यानं सोसत आल्या आहेत! तो त्यांचा नव्हताच.

बाई : पण मग कमी गुण म्हणजे धोका, असंच ना?

डॉक्टर : नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर पुढे आजारी पडलेल्यांचा बालपणीचा बुद्ध्यांक सरासरी आठेक अंकांनी कमी दिसतो. एवढ्या फरकावरून तुम्हाला वर्गातली दोन मुलं वेगळी ओळखताही येणार नाहीत. शिवाय हा आजार मुळात शंभरात एखाद्याला होतो. समजा, कमी गुणांच्या गटात तो दुप्पट झाला, तरी शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना तो होणारच नाही. गणित कच्चं राहण्याची कारणं आणखी कितीतरी असतात. फळा नीट दिसत नसेल, कमी ऐकू येत असेल, अंगात रक्त कमी असेल, घरची भाषा वेगळी असेल, अध्ययन अक्षमता असेल.

बाई : आणि हुशार मुलं सुरक्षित?

डॉक्टर : तसंही नाही. १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे गणितज्ञ जॉन नॅश यांना स्किझोफ्रेनिया होता. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात तर सोळाव्या वर्षी उत्कृष्ट श्रेणी मिळवणाऱ्यांत पुढे द्विध्रुवीय (बायपोलर) या दुसऱ्या मानसिक आजाराचं प्रमाण मध्यम श्रेणीच्या मुलांपेक्षा जास्त आढळलं.

बाई : मग आम्ही शिक्षकांनी बघायचं तरी काय?

डॉक्टर : न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारेक मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. सातव्या, नवव्या, अकराव्या आणि तेराव्या वर्षी त्यांच्या बौद्धिक चाचण्या झाल्या. पुढे स्किझोफ्रेनिया झालेली मुलं शब्दज्ञान आणि तर्क यांत सुरुवातीपासूनच थोडी मागे होती, आणि तेवढीच मागे राहिली. कामाचा वेग आणि एखादी गोष्ट मनात धरून ठेवण्याची क्षमता यांत मात्र अंतर दर वर्षी वाढत गेलं. ती क्षमता घटत नव्हती, वाढतच होती, पण सोबत्यांपेक्षा सावकाश. ज्यांना पुढे नैराश्य आलं, त्यांच्यात असं दिसलं नाही. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर ताई एका महिन्याच्या आकड्यापेक्षा मुलाची रेघ कुठे वळतेय ते पाहते ना, तसं पाहायचं. अर्थात या रेघेवरूनही कुणा एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही.

बाई : त्या आईला काय सांगू?

डॉक्टर : डोळे आणि कान तपासून घ्या म्हणावं, गणितात मदत करा, आणि काकाच्या आजाराशी त्याच्या गुणांची सांगड घालू नका. घरात आजार असल्यानं धोका थोडा वाढतो, हे लपवू नका. पण पुतण्या-भाच्यांतल्या बहुतेकांना तो होत नाही, हेही सांगा. तुम्ही स्वतः दहावी-बारावीच्या मुलांकडे लक्ष असू द्या. आजवर व्यवस्थित शिकणारा मुलगा काही महिन्यांतच अभ्यासात ढासळला, मित्र तोडले, रात्र रात्र जागू लागला, विनाकारण संशय घेऊ लागला, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी सुधारणा चांगली होते. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीतून बोलता येतं. तो शाळेच्या सूचनाफलकावर लावा.