खोली पाहिल्याशिवाय नको

मिरज

चि. मुग्धास,


काल रात्री वहिनीचा फोन आला. तू लिंकन सोडून लंडनला निघालीस हे मला तिच्याकडून कळावं, याचं वाईट वाटलं, पण ते राहू दे. खोली तू नुसती व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंत पाहिलीस आणि डिपॉझिट पाठवायला निघालीस, हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पाठवलं नसशील तर थांब.

अगं, फोटोत ओल दिसत नाही. नवा रंग फासला की बुरशी महिना-दोन महिने झाकून जाते. मग थंडीत खिडक्या लावून आतच कपडे वाळत घातले की कोपरे काळे पडायला लागतात. पाचवीत तुला दम्याचा अटॅक आला, ती रात्र दादाने आणि मी तुला मांडीवर ताठ बसवून काढली. तू विसरली असशील, मी नाही. लिंकनहून किंग्ज क्रॉसला थेट गाडी आहे, दोन तासांची. सुट्टीच्या दिवशी जाऊन ये. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेला बोट फिरव, कपाट ओढून मागची भिंत बघ, बाथरूममधला पंखा चालतो का बघ.

पैशांचंही ऐक. तिथल्या कायद्याने साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही, आणि घेतलेलं 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं. घरमालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर मात्र या नोंदणीचं संरक्षण तुला नाही. हे विचारलंस का? की फोटो छान आले म्हणून भाळलीस?

पगार वाढणार म्हणतेस. वाढेल. आतल्या लंडनला 20 टक्के भत्ता, बाहेरच्या भागात 15, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली तिथे आहेत. त्या सांगतात, भत्ता भाड्यातच जातो. लिंकनला तू चालत ड्युटीवर जातेस. तिथे बारा तासांच्या लाँग डेच्या दोन्ही टोकांना तास-तास प्रवास जोड. आणि नव्या हॉस्पिटलचं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट (सीओएस) मिळून व्हिसा बदलून हातात येईपर्यंत राजीनाम्याचा कागद लिहूसुद्धा नकोस. ओस्कीची परीक्षा देऊन, नर्सिंगच्या नोंदणीचा पिन मिळवून तू तिथे उभी राहिलीस, ते एका घाईपायी घालवू नकोस.

रागावले ना? 1979 साली मला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. आबा म्हणाले, "तिथे आपलं कोण आहे?" आणि विषय संपला. मिरजेत मी सुखात राहिले, पण मोठ्या थिएटरमध्ये, नव्या शस्त्रक्रियांच्या वेळी उभं राहायची हौस मनातच राहिली. तुझ्या मैत्रिणी तिथे कार्डिॲक, न्यूरोचे कोर्स करतात असं वहिनी म्हणाली, तेव्हा मला पटलं की तू का निघालीस. लहान गावात ते मिळत नाही. आबांचा प्रश्न मी तुला विचारणार नाही. तू जा.

फक्त खोली बघून जा.

तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात जीपीकडे नाव नोंदव, इन्हेलरचं प्रिस्क्रिप्शन तिकडे बदलून घे. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे. मंडळ 1932 सालचं. नुसती गणपतीला जाऊ नकोस, एरवीही जा. आजारी पडलीस तर दार वाजवणारं कुणीतरी हवं, माझी सगळी धास्ती तेवढ्याचीच आहे. आणि सेंट थॉमस हॉस्पिटलात नाइटिंगेलबाईंचं संग्रहालय आहे. त्यांनी 1860 साली तिथे नर्सिंगची शाळा काढली, हे मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवलं. तू ते डोळ्यांनी बघ आणि मला सविस्तर लिही, घाईघाईत फोनवर सांगू नकोस.

मेतकूट आणि भाजणी करून ठेवली आहे, कुणी येणारं असेल तर कळव. गाडीभाड्याला, डिपॉझिटला कमी पडलं तर दादाला सांगत बसू नकोस, तो उगाच काळजी करतो. माझी पेन्शन आहे, मला सांग. पौंडात ते थोडंच होईल, तरी घे.

तुझी,
आत्या