अनेक वाहिन्या, एक मार्ग

बंगळूरमधील महादेवपुऱ्याशेजारच्या दूरवाणीनगरात १९४८ साली स्थापन झालेल्या ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ने पुढे एकाच तारेवरून अनेक संभाषणे नेणारी यंत्रे घडविली. याच्या नेमके उलट तंत्र म्हणजे अनेक वाहिन्यांची मोट बांधून संगणकांसाठी एकच मार्ग तयार करणे. त्याचे इथरनेटसाठीचे प्रमाणक २००० साली ठरले. संदेशाच्या तुकड्यांचा क्रम बिघडू नये म्हणून दोन संगणकांमधील एक संवाद एकाच वाहिनीवरून चालतो. त्यामुळे चार वाहिन्यांनी एका संवादाचा वेग चौपट होत नाही, अनेक संवादांना मात्र प्रशस्त वाट मिळते. एखादी वाहिनी तुटल्यास तिचा भार उरलेल्या उचलतात. परंतु चारही वाहिन्या एकाच चरातून नेल्या असतील, तर कुदळीचा एक घावही संपूर्ण मार्ग बंद पाडू शकतो.