श्रवणानुभवाचे शब्दांकन : ‘आप जैसा कोई’ या गीताच्या आधारे

१. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस
• ध्वनीची संवेदना आणि त्या ध्वनीविषयीचे मत यांतील फरक सांगता येईल.
• ठेका, नाद व आवाजाचा पोत यांचे वर्णन नेमक्या मराठी शब्दांत करता येईल.
• मर्ढेकरांच्या लयतत्त्वांचे उपयोजन एका लोकप्रिय गीतावर करता येईल.

२. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आस्वादपर लेखनात ‘गीत श्रवणीय आहे’, ‘चाल मनाला भिडते’ अशी वाक्ये वारंवार आढळतात. ती चुकीची नसतात. परंतु ती कोणत्याही गीताला लागू पडतात, आणि म्हणूनच कोणत्याच गीताविषयी काही सांगत नाहीत. आपण प्रत्यक्षात काय ऐकले हे सांगण्यासाठी शब्द सापडला नाही, की तो अनुभवही हळूहळू पुसट होतो. म्हणून या पाठात आपण मुद्दाम एक नृत्यगीत अभ्यासासाठी घेत आहोत. अशा गीतांना ‘उडती गाणी’ म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्याला आहे. तथापि त्यांत शब्दार्थाचा आधार कमी असल्यामुळे कानाला अधिक काम करावे लागते.

३. गीताचा परिचय

‘आप जैसा कोई’ हे गीत फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’ (१९८०) या हिंदी चित्रपटातील आहे. चित्रपटाची इतर गाणी कल्याणजी-आनंदजी यांची असली, तरी हे एक गीत बंगळूरमध्ये जन्मलेल्या आणि लंडनमध्ये कारकीर्द घडविलेल्या बिड्डू यांनी संगीतबद्ध केले. गायिका नाझिया हसन चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांची होती.

४. विवेचन

४.१ ठेका : कानाने आणि शरीराने

डिस्को संगीतात चार मात्रांच्या आवर्तनातील प्रत्येक मात्रेवर पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा सारखाच ठोका पडतो. मिनिटाला साधारणतः ११० ते १३० ठोके ही त्याची नेहमीची गती. आपल्या परिचयाच्या केरव्यात आठ मात्रा असतात व त्यांचे वजन कमी-अधिक असते. त्यामुळे कान समेची वाट पाहतो. डिस्कोत वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक ठोका जणू समच असतो, आणि पाय मनाची परवानगी न घेता हलू लागतो.

हा ठोका केवळ कानाने ऐकू येत नाही. नागोठणे आणि रोहा यांच्या दरम्यान असलेल्या निडी स्थानकावर उभे राहून एखादी मालगाडी जाऊ द्या. चाकांचा खडखडाट कानात शिरतो. पण फलाटाची थरथर तळपायांतून वर चढते. अतिशय खर्जातील ध्वनी असेच त्वचेला आणि छातीला जाणवतात. येथे श्रवणसंवेदना व स्पर्शसंवेदना यांची सीमा पुसली जाते. वर्णन करताना ‘दुमदुमणे’, ‘घुमणे’, ‘धडधडणे’ यांपैकी कोणते क्रियापद योग्य, याचा निर्णय या निरीक्षणावरूनच होतो.

४.२ ध्वनी पोहोचविणारे साधन

ऐंशीच्या दशकात गाणी घरोघर पोहोचली ती कॅसेटमुळे. लहान टेपरेकॉर्डरच्या कर्ण्यातून खर्जाचे ध्वनी नीट उमटत नाहीत. त्यामुळे घरात ऐकताना आवाज आणि टाळीसारखे कोरडे नाद पुढे येतात. पार्श्वभूमीला फितीची बारीक ‘सूंऽऽ’ असते. तेच गीत गणेशोत्सवाच्या मंडपातील मोठ्या कर्ण्यांवर लागले, की गायिकेचे शब्द विरतात आणि ठोका उरतो. गीत एकच, अनुभव मात्र दोन. म्हणून कोठे, कशावर आणि किती अंतरावरून ऐकले, ही माहिती वर्णनात गौण मानू नये.

४.३ आवाजाचा पोत

नाझियाचा आवाज पातळ, किंचित अनुनासिक आणि सरळ आहे. ताना-मुरक्यांचा सोस त्यात नाही. आर्जवही फारसे नाही. तो दुपदरी भासतो, जणू एकाच आवाजाची सावली त्याच्यासोबत चालते आहे. भोवतीच्या सिंथेसायझरच्या नादाला आपण ‘गुळगुळीत’ किंवा ‘चकचकीत’ म्हणतो, तेव्हा स्पर्शाचे व दृष्टीचे विशेषण नादाला लावतो. हा इंद्रियसंवेदनांचा संकर होय. काव्यभाषेत आढळणारी ही प्रक्रिया दैनंदिन बोलण्यातही चालू असते.

४.४ लयतत्त्वांचे उपयोजन

बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. या गीतात ठोक्याची अखंड पुनरावृत्ती हा संवाद होय. यंत्रवत ठेका आणि कोवळा मानवी आवाज यांत विरोध आहे. दोहोंपैकी कोणीही दुसऱ्याला झाकून टाकत नाही, हा समतोल. मंडपात मात्र ठोका आवाजाला गिळतो आणि समतोल ढळतो. म्हणजे सौंदर्याचा विचार ऐकण्याच्या परिस्थितीपासून तोडता येत नाही.

४.५ संवेदना आणि आठवण

तुमच्यापैकी अनेकांनी असे गीत प्रथम एखाद्या वरातीत किंवा एस.टी.च्या प्रवासात ऐकले असेल. ते पुन्हा ऐकताना माणसे, वास, वय असे सारेच जागे होते. ही आठवण मौल्यवान आहे; पण ती गीतात नसून तुमच्यात आहे. लेखनात दोन्हींना स्थान द्या, फक्त त्यांची सरमिसळ करू नका. प्रौढ विद्यार्थ्यापाशी असलेली अशी शिदोरी पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

५. आपली प्रगती तपासा

१) केरवा आणि डिस्कोचा ठेका ऐकताना कानाच्या अपेक्षेत कोणता फरक पडतो?
२) ‘चकचकीत नाद’ या शब्दप्रयोगात कोणत्या दोन इंद्रियसंवेदना एकत्र येतात?

६. सारांश

श्रवणानुभवाचे वर्णन करताना प्रथम संवेदना, मग साधन व परिस्थिती, त्यानंतर आठवण आणि शेवटी मूल्यमापन असा क्रम ठेवावा. नेमका शब्द शोधणे म्हणजे अधिक नीट ऐकणे होय.

७. स्वाध्याय

आपल्या आवडीचे एक नृत्यगीत दोन वेगवेगळ्या साधनांवर ऐका. ‘सुंदर’, ‘मधुर’ व ‘श्रवणीय’ हे शब्द टाळून दोन्ही अनुभवांचे वर्णन प्रत्येकी शंभर शब्दांत लिहा.