सामान फुकट, मग पैसे जातात कुठे?

पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणमध्ये घरच्या घरी काही बनवायचं ठरवलंत, तर कच्चा माल शोधायला दुकानात जावं लागत नाही. परसात बांबू असतो, रानात पळस असतो, ट्रंकेत आजीची लुगडी असतात, पोटमाळ्यावर रद्दी असते. पैसे जातात ते पुढच्या गोष्टींवर. गोंद, चमकी, फवाऱ्याचा रंग, एका सुईसाठी पोलादपूरची अख्खी फेरी, आणि "फॉर्म मी भरून देतो" म्हणणारा मधला माणूस. म्हणून गणपतीला किंवा मे महिन्यात तुम्ही मुंबईहून घरी येणार असाल, किंवा गावातच राहून चार वस्तू विकायचा विचार करत असाल, तर आधी हा हिशेब बघा. खाली दिलेले दुकानातले भाव अंदाजाचे आहेत, दुकानागणिक पाच-दहा रुपये इकडे-तिकडे होतील.

सुरुवात गोधडीपासून करा. खर्च सगळ्यात कमी आणि वस्तू सगळ्यात टिकाऊ. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. सात फुटांचे दोन तुकडे काढले की चार फूट उरतं, ते ठिगळांना आणि पायपुसण्याला. साडीचा पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतो, तीच एकेरी गोधडीची रुंदी. म्हणजे तीन साड्यांत सहा थर: वरचा, खालचा आणि मधले चार. लुगडं असेल तर नऊवारीत सात फुटांचे तीन तुकडे आरामात निघतात, दोन लुगड्यांत काम भागतं.

साड्या सुतीच घ्या. पॉलिस्टरवर थर सरकतात, घाम शोषला जात नाही आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर ते कापड वितळून अंगाला चिकटतं. जुनं कापड आधी गरम पाण्यात धुवा, मग दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. फाटलं तर ते मधल्या थरात, वर नाही.

आता दोरा. ओळी एक-एक इंचावर घातल्या तर पंचेचाळीस ओळी होतात, प्रत्येक सात फुटांची. दुहेरी दोऱ्याने दोनशे मीटर लागतो, गाठी आणि वाया जाणारा धरून सव्वादोनशे मीटर घ्या. दोरा आणि गोधडीची लांब सुई मिळून साठ ते ऐंशी रुपये. एवढाच रोख खर्च. वेळ मात्र मोजा. एका ओळीला वीस ते तीस मिनिटं धरली तर पंधरा ते साडेबावीस तास होतात. रोज दुपारी दीड तास बसलात तर दहा ते पंधरा दिवस. अर्ध्या इंचावर ओळी घातल्या तर दोरा आणि वेळ दोन्ही दुप्पट. पावसाळ्यात सुरू करू नका, कापड सुकत नाही आणि थरांत ओल राहिली की कुबट वास कायमचा बसतो. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचं ऊन यासाठी चांगलं.

हाताने जमत नसेल तर मशीनवर शिवून देणारे पोलादपूर आणि महाडला मिळतील. भाव ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: दोरा त्यांचा की तुमचा, कडेच्या गोटाचे पैसे वेगळे का, आणि ठिगळं जोडायची असतील तर त्याचे किती. नगावर सांगितलेला भाव या तीन ठिकाणी वाढतो.

बांबूचं गणित वेगळं आहे. इथे पैशापेक्षा महिना महत्त्वाचा. कोवळा कोंब आणि वर्षाचा बांबू कापू नका, निदान तीन वर्षांचा जून बांबू घ्या. पावसाळा संपल्यावर, थंडीत कापा. तेव्हा त्यात पिष्ट कमी असतं आणि भुंगा कमी लागतो. कापलेला बांबू ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दहा-पंधरा दिवस दगडाखाली दाबून ठेवा, मग सावलीत उभा करून सुकवा. उन्हात टाकलात तर चिरतो. हे सगळं फुकट होतं. घाईत गणपतीच्या आदल्या आठवड्यात ओला बांबू कापलात तर मखर त्या वर्षापुरतं उभं राहील, पण शिमग्यापर्यंत खाली पिवळी भुकटी पडायला लागेल.

कागदपत्रांचा प्रश्न बरेच जण विचारतात. तुमच्या स्वतःच्या जमिनीतला बांबू तोडायला आणि न्यायला आता परवाना लागत नाही. वन कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. वनखात्याच्या हद्दीतल्या बांबूला मात्र हे लागू नाही, तिथे परवानगीशिवाय कोयती लावू नका. देवराईत तर नकोच. बांबू गाडीत भरून बाहेर नेणार असाल तर सातबाऱ्याची प्रत जवळ ठेवा, रस्त्यात कोणी विचारलं तर बोलणं लगेच संपतं. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, आणि नुसता बघायचा असेल तर फुकट. पन्नास किंवा शंभर रुपये मागितले गेले तर त्यातले १५ सरकारचे, बाकीचे काढून देणाऱ्याचे. मोबाइलवर जमत नसेल तर द्या, पण काय देताय ते माहीत असू द्या.

चोया काढणं हे बघून शिकायचं काम आहे. कामट्या कोणीही फोडेल, पण टोपलीसाठी एकसारखी पातळ चोय काढायला हात तयार व्हावा लागतो. पहिल्या दिवशी टोपली करायला जाऊ नका. कामट्यांचा सांगाडा करा: आकाशकंदील, मखर, वेलाचा मांडव. हातमोजे किंवा जुने मोजे घाला, बांबूची धार पात्यासारखी कापते. आणि गावात अजून कोणी इरलं बांधणारं असेल, तर त्यांच्याकडे एक दिवस बसा. दिवसाची मजुरी देऊन बसा. तयार इरलं घ्यायचं असेल तर घासाघीस करू नका. बांबूचा ताटवा, त्यावर पानांचे थर, वर पुन्हा ताटवा, यात अख्खा दिवस जातो, आणि प्लॅस्टिकच्या खोळी आल्यापासून हे काम येणारे हात झपाट्याने कमी झाले आहेत.

मखरावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. थर्माकोलची सजावट महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंद झाली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. राज्याच्या नियमात पहिल्या वेळेचा दंड ५,००० रुपये. तरी बाजारात 'इको-फ्रेंडली' लिहिलेली मखरं हजारांत विकली जातात, आणि त्यातल्या काहींत फोमचे शीट आणि प्लॅस्टिकची फुलं असतात. घेण्याआधी मागची बाजू बघा, नखाने टोकरून बघा.

घरी केलंत तर तीन फुटी मखराला दोन बांबू, दोन जुन्या काठपदराच्या साड्या आणि सुतळीचं एक बंडल. रोख खर्च सुतळीचे तीस-चाळीस रुपये. गोंदाऐवजी बांधा. बांधलेलं मखर सोडून ठेवता येतं आणि पुढच्या वर्षी तीच कामटी कामाला येते. चिकटवलेलं दरवर्षी नवं करावं लागतं. एक काळजी मात्र घ्या. समई आणि साडीचा पडदा यांत निदान दोन हातांचं अंतर हवं, आणि वरून सोडलेलं कापड ज्योतीवर येऊ देऊ नका.

आकाशकंदिलाला पतंगी कागद लागतो, ताव पाच ते दहा रुपये, एका कंदिलाला चार-पाच ताव. आत मेणबत्ती नको, एलईडी दिवा लावा. दिव्याची वायर आणि होल्डर यांचाच खर्च कागदापेक्षा जास्त होतो, तेव्हा ते काढून जपून ठेवा.

कागद चिकटवायला बाजारचा गोंद आणू नका. एक वाटी कणीक, चार वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवा, पारदर्शक झाली की खळ तयार. पाच-सात रुपयांत काम होतं. झुरळं आणि वाळवी लागू नये म्हणून जुने लोक त्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मूल असेल, किंवा खेळणं बनवत असाल, तर अजिबात घालू नका. कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी वापरा आणि खळ दोन दिवसांत संपवा.

रद्दीचा लगदा करायचा असेल तर कागद दोन रात्री भिजवा, पिळा, भिजवलेल्या मेथ्या घालून पाट्यावर वाटा, आणि उलट्या पातेल्यावर थापून सुकवा. चांगली हलकी टोपली होते. एका टोपलीला किलोभर रद्दी आणि मूठभर मेथ्या. उन्हाळ्यात चार दिवसांत सुकते, जुलैत सुकतच नाही. छपाईची शाई लगद्यात राहते, म्हणून त्या टोपलीत भाकरी, फरसाण असं उघडं खाणं ठेवू नका. किल्ल्या, लसूण, सुतळी ठेवा.

पानांचं काम सोपं आणि जवळजवळ बिनखर्चाचं. पळसाला चैत्र-वैशाखात नवी पानं येतात. ती जरा जून झाली की पत्रावळीला घ्या, कोवळी असताना फाटतात. टाचायला बांबूच्या बारीक काड्या वापरा, स्टेपलरची पिन कधीच नाही, ती जेवणात जाते. शिमग्याच्या सुमारास खाली पडलेली पळसाची फुलं गोळा करा, पाण्यात उकळा, केशरी रंग मिळतो. कापडाला पक्का बसवायला तुरटी घाला, दहा रुपयांची पुरते. झाडावरची फुलं ओरबाडू नका.

टाकाऊ म्हणून काहीही घरात आणू नका, हे ठासून सांगतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि त्यांचे रिकामे पिंप, कॅन, गोण्या भंगारातून स्वस्तात मिळतात. कितीही धुतलेत तरी पाणी साठवायला, धान्याची कणगी करायला किंवा मुलांच्या झोपाळ्याला ते वापरू नका. खताच्या आणि कीटकनाशकाच्या पिशव्यांचंही तेच. कुडपणचा धबधबा बघायला येणारे टाकून जातात त्या पाण्याच्या बाटल्या चालतील, पण रोपांना आणि कुंपणाला. त्यात पुन्हा पाणी पिऊ नका आणि त्या चुलीत टाकू नका.

विकायचं ठरलं, तर कागदपत्रं आली. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत टोपली-चटई-झाडू बनवणारे आहेत, पारंपरिक खेळणी-बाहुल्या बनवणारे आहेत. गोधडीचं वेगळं नाव त्यात नाही, पण शिंपीकाम आहे. वय अठरा पूर्ण हवं, कुटुंबातून एकालाच लाभ, सरकारी नोकरीतल्यांच्या घरी नाही. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन सीएससी केंद्रात जा. अंगठा द्यावा लागतो, म्हणून स्वतःच जावं लागेल, दुसऱ्याला पाठवून काम होत नाही. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, आणि अवजारांसाठी १५,००० रुपये. हे १५,००० रोख नसतात, ई-व्हाउचर असतं. "अर्धे मला द्या, रोख काढून देतो" म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवा.

विश्वकर्माची नोंदणी मोफत आहे. उद्यम नोंदणी मोफत आहे. हस्तशिल्प कारागिरांचं 'पहचान' ओळखपत्रही मोफत आहे. यातल्या कशाचीही 'सरकारी फी' म्हणून पावतीशिवाय पैसे मागितले तर देऊ नका. राज्यातल्या राज्यात वस्तू विकत असाल आणि वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीही लागत नाही. आणि विश्वकर्मा योजनेत पाच टक्क्यांनी पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळतं म्हणून लगेच घेऊ नका. आधी दहा वस्तू विकून बघा. घरचा बांबू आणि जुन्या साड्या यांवर चालणाऱ्या कामाला लाखाचं भांडवल लागत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला लागतो.

माल घेऊन पोलादपूर किंवा महाडला जाताना बाईने जाणं परवडतं, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. बोजा मोठा असेल तर सामानाचं तिकीट वेगळं काढावं लागेल, कंडक्टरला चढतानाच विचारा. परतीची गाडी किती वाजता आहे हे उतरतानाच बघून ठेवा. ती चुकली तर रिक्षा-जीपच्या स्पेशल भाड्यात दिवसाची कमाई जाते.

आता भाव. इथेच घरच्या बायकांचं नुकसान होतं, कारण स्वतःचे तास कोणी धरत नाही. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. गोधडीचे वीस तास म्हणजे ७८० रुपये, वर दोरा-सुईचे सत्तर, म्हणजे ८५०. यात साड्यांची किंमत नाही, नफा नाही, तुमच्या हातातल्या कसबाचे पैसे नाहीत. तेव्हा पाचशेला मागणाऱ्याला नाही म्हणा.

मुंबईहून फोनवर ऑर्डर आली तर अर्धे पैसे आधी घ्या. लांबी-रुंदी फुटांत लिहून घ्या, कारण 'डबल' म्हणजे कोणाला पाच फूट, कोणाला सहा. आणि पार्सलचा खर्च कोणाचा ते सुई हातात घेण्याआधी ठरवा. एक गोधडी घडी करून गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, वजन लिहून ठेवा, मग पोस्टात दर विचारा. तो आकडा भावात वेगळ्या ओळीत लिहा.